बाकीचे पडद्यावर पाहा

काही वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या गोल बाजाराजवळ एका रद्दीवाल्याकडे जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे चाळत असताना त्यांतून एक लहानशी चोपडी खाली पडली. मुखपृष्ठ गळून गेलेले. गाण्यांची पानेही कुणीतरी, बहुधा गाण्यांच्याच लोभाने, फाडून नेलेली. शिल्लक होते ते एकच पान आणि त्यावर हिंदीत व उर्दूत छापलेले कुठल्याशा बोलपटाचे कथासार. एक धनाढ्य शेठ, त्याचे मृत्युपत्र, रात्री झालेला त्याचा खून, तिजोरीतून नाहीसे झालेले दागिने आणि ज्याच्यावर आळ येतो तो घरातला भोळाभाबडा नोकर. कथासार अशा जागी येऊन थांबते की वाचणारा सरसावून बसावा. खरा गुन्हेगार कोण, भोळ्याची सुटका होते की नाही, शेठच्या मुलीचे पुढे काय होते, या प्रश्नांची उत्तरे पडद्यावर पाहावीत अशी विनंती करून लिहिणारा रजा घेतो.

बोलपटांच्या पहिल्या तीन-चार दशकांत चित्रपटगृहाच्या दारात आणा-दोन आण्याला अशा चोपड्या विकल्या जात. नटनट्यांची नावे, कथासार, गाण्यांचे शब्द, कधी मधोमध एखादे छायाचित्र, असा त्यांचा ऐवज. कथेचा शेवट सांगायचा नाही हा या व्यवसायातला अलिखित नियम होता. पौराणिक चित्रपटाचे त्यामुळे काही बिघडत नसे. हरिश्चंद्राला राज्य परत मिळणार हे प्रेक्षकाला घरून निघतानाच ठाऊक असे. सामाजिक चित्रपटातही नायक-नायिकेचे मीलन गृहीत धरता येई. रहस्यपटात मात्र सगळी मातब्बरी शेवटाची. तो चित्रपट नष्ट झाला आणि चोपडी तेवढी उरली, म्हणजे गुन्हा उरला आणि उकल गेली.

ती चोपडी मी एका परिचित संग्राहकाला दाखवली. जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांच्या पुस्तिका जमवण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांनी पान उजेडाकडे धरले, कागद बोटांनी चाचपला आणि परत माझ्या हाती दिले. "सर, नावच नाही. कुठं लावू हिला?" त्यांच्या कपाटात सगळे वर्षानुक्रमे व अकारविल्हे लावलेले असते, अनामिकेला तिथे जागा नव्हती. मला त्यांचे थोडे वाईट वाटले आणि थोडा रागही आला. पुढे कळले की या नकारात संग्राहकाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही आहेत, आणि आपल्याकडच्या एका संपूर्ण चित्रपटप्रकाराचा इतिहास या सामर्थ्यामर्यादांवरच उभा आहे. तो प्रकार म्हणजे मारधाड, रहस्य आणि विनोद यांच्या मिश्रणातून गिरणगावासाठी तयार झालेला स्वस्त स्टंटपट.

या प्रकाराचा विचार करताना मराठी माणसाला पहिल्याने आठवावे असे नाव मास्टर भगवान यांचे. प्रत्यक्षात आपल्याला आठवतो तो १९५१ चा 'अलबेला', त्यातली गीता बाली, सी. रामचंद्रांचे संगीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत अजूनही जिवंत असलेली ती संथ, डुलती पावले. भगवान आभाजी पालव यांचा जन्म १९१३ चा. वडील कापडगिरणीत कामगार. मूकपटांतल्या किरकोळ भूमिकांपासून सुरुवात करून १९३८ मध्ये त्यांनी चंद्रराव कदम यांच्यासमवेत 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला. तेव्हापासून 'अलबेला'पर्यंतच्या काळात त्यांनी एकामागून एक असे अनेक अल्पखर्ची चित्रपट काढले. १९४२ मध्ये स्वतःची 'जागृती पिक्चर्स' ही संस्था आणि १९४७ मध्ये चेंबूरला 'जागृती' स्टुडिओ उभारण्याइतके यश त्यांना या चित्रपटांनीच दिले. पासष्ट हजार रुपयांत ते एक चित्रपट पुरा करीत, कलावंतांच्या जेवणापासून कपड्यांपर्यंत सगळे स्वतः पाहत, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. 'अलबेला' हा सामाजिक वळणाचा चित्रपट त्यांनी राज कपूर यांच्या सल्ल्यावरून केला, हेही प्रसिद्धच आहे. म्हणजे ज्या कृतीमुळे ते अमर झाले ती त्यांच्या नेहमीच्या वाटेवरची नव्हतीच.

नेहमीची वाट कोणती, हे चित्रपटांच्या नावांवरून दिसते. 'बदला' (१९४३), 'मतवाले' आणि 'शेक हँड्स' (१९४७), 'लालच' आणि 'जलन' (१९४८), 'भोले पिया' आणि 'भेदी बंगला' (१९४९). ही नावे एका दमात वाचली तरी त्या जगाचा नकाशा उभा राहतो. लोभ, सूड, मत्सर, रहस्याने भारलेले घर, आणि या सगळ्यात हसतमुखाने हस्तांदोलन करणारा एक भोळा. पडद्यावर भगवान बहुधा या भोळ्याचीच भूमिका करीत. त्या काळच्या स्टंटपटातला नायक म्हणजे तलवार फिरवणारा, छपरावरून उडी मारणारा मर्द. गोल चेहऱ्याचा, बुटका, बावळट दिसणारा माणूस त्या जागी आणून बसवणे ही साधी गोष्ट नव्हती. गिरणीतून पाळी संपवून आलेल्या, चार आण्यांच्या तिकिटावर पडद्याच्या अगदी पुढ्यात बसलेल्या प्रेक्षकाला या भोळ्यात स्वतःचे काय दिसत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. ज्याच्यावर आळ येतो तो नोकर, ज्याला कायदा कळत नाही तोही नोकर, आणि अखेर शेठच्या वाड्यातला चोर पकडतो तोही नोकरच.

समीक्षेच्या लेखी हे सारे शून्य होते. त्याच काळात पुण्यात 'प्रभात'चे 'कुंकू' (१९३७), 'माणूस' (१९३९), 'शेजारी' (१९४१) निघत होते आणि मराठी सुशिक्षितांचे लक्ष, योग्य कारणांसाठीच, तिकडे होते. तक्रार त्याची नाही. एकाच शहरातले, एकाच भाषेचे दोन प्रेक्षकवर्ग शेजारी शेजारी नांदत असताना एकाच्या हसण्याची नोंद झाली आणि दुसऱ्याच्या हसण्याची झाली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

नोंद नाही म्हणून जतन नाही. त्या काळची चित्रफीत नायट्रेटची. ती झटकन पेट घेते, आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षांच्या उष्म्याने चिकट होऊन शेवटी तिचा भुगा होतो. तिच्यावरच्या लेपात चांदी असते. चित्रपट उतरला की त्याच्या रिळांना चांदीपुरती किंमत उरे. चांदी काढून घ्यावी, उरलेल्या पट्टीच्या बांगड्या कराव्यात, हा तेव्हाचा रीतसर धंदा होता. मोठ्या संस्थांचे चित्रपट पुन्हा पुन्हा प्रदर्शित होत, म्हणून त्यांच्या मूळ फिती सांभाळल्या जात. स्टंटपटांच्या प्रती मोठ्या शहरातून लहान शहरात, तिथून तालुक्याला, तिथून जत्रेतल्या तंबूत अशा उतरत जात. प्रत्येक मुक्कामाला दातेरी कडा फाटत, तुटलेले तुकडे कापून सांधले जात, चित्रपट काही मिनिटांनी आखूड होई. आमच्या भागातल्या जत्रांतल्या तंबूत पोहोचेपर्यंत खून आधी आणि खुनाची धमकी नंतर, असेही घडत असेल. प्रेक्षकांची हरकत नसावी.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली १९६४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे 'भेदी बंगला' येऊन पंधरा वर्षे झाल्यावर. पी. के. नायर यांनी तिथे केलेले काम सर्वश्रुत आहे. नाशिकला फाळके कुटुंबीयांकडून 'कालिया मर्दन'ची रिळे मिळवण्यापासून सुमारे बारा हजार चित्रपटांचा संग्रह उभा करण्यापर्यंत. पण नायरही 'आलम आरा' मिळवू शकले नाहीत. भारतातला पहिला बोलपट, ज्याच्या ऐतिहासिक महत्त्वाविषयी कुणालाच शंका नव्हती, तो हाती लागला नाही; मग 'शेक हँड्स'ची काय कथा. पुढे ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठारात आग लागली. तिथे ठेवलेले ६०७ चित्रपट, ५,०९७ रिळे, सगळी नायट्रेटची, जळून गेली. जतनाच्या नावाने जे एकत्र आणले ते एकत्रच गेले. संग्राहकांची एक जुनी श्रद्धा अशी की वस्तू विखुरलेली असली तरच टिकते. या आगीनंतर त्या श्रद्धेला हसणे कठीण झाले.

या ठिकाणी एक तुलना आवश्यक वाटते. 'हंटरवाली' (१९३५) आणि फिअरलेस नादिया यांचे स्टंटपट हे भगवान यांच्या चित्रपटांइतकेच 'पिटातले' होते. तोच प्रेक्षक, तोच समीक्षकी तिटकारा. आज मात्र नादियावर इंग्रजीत ग्रंथ आहेत, विद्यापीठांत तिच्यावर निबंध लिहिले जातात, परदेशी महोत्सवांत तिचे चित्रपट दाखवले गेले. याचे मुख्य कारण कलात्मक नाही. वाडिया कुटुंबाने चित्रपट आणि कागदपत्रे सांभाळली, आणि त्याच घरातल्या रियाद विंची वाडिया यांनी १९९३ मध्ये तिच्यावर माहितीपट केला. घराण्याची सांभाळून ठेवण्याची ऐपत होती. भगवान यांच्या उत्तरायुष्याची कहाणी उलटी आहे. 'अलबेला'नंतर 'झमेला' (१९५३) आणि बऱ्याच काळाने 'लाबेला' (१९६६) आले, पण ते यश परत आले नाही. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला गेला, आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात मोटारी होत्या त्या गेल्या, आणि २००२ च्या फेब्रुवारीत दादरच्या चाळीतच त्यांचा अंत झाला. बंगला विकणाऱ्या माणसाने रिळांची पेटी कुठे ठेवावी? अभ्यासाचा विषय कोणता ठरणार, हे पुष्कळदा घराच्या माळ्यावर ठरलेले असते. २०१६ चा 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट त्यांच्या आयुष्यावर निघाला, त्याचाही डोलारा साहजिकच १९५१ भोवती आहे.

तर मग उरले काय? नावे, भित्तिपत्रके, चोपड्या आणि तबकड्या. चित्रपटाचे रीळ घरी नेता येत नाही. चोपडी खिशात मावते, तबकडी पिशवीत. त्यामुळे या चित्रपटांचे जे अवयव प्रेक्षकाने विकत घेऊन घरी नेले, तेवढेच वाचले. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी अशा पुस्तिका आणि तबकड्या मिळवून, पडताळून 'हिंदी फ़िल्म गीत कोश' सिद्ध केला. वर्षवार चित्रपट, त्यांतली गाणी, गायक, गीतकार, संगीतकार. १९४१ ते १९५० या दशकाचा खंड उघडला की भगवान यांचे चित्रपट इतरांच्या पंगतीत, त्याच टंकात बसलेले दिसतात. कोशकाराने कुणाला खालच्या पाटावर बसवलेले नाही. मुंबईत १९९० मध्ये सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या मंडळाने तबकड्यांच्या बाबतीत असेच काम केले.

तबकड्यांनी एक गंमत टिकवून ठेवली आहे. पुणतांब्यात जन्मलेले आणि नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेले रामचंद्र चितळकर स्वतंत्र संगीतकार झाले ते भगवान यांच्यामुळे. हिंदीतला त्यांचा आरंभ 'सुखी जीवन' (१९४२). नंतर त्यांचे नाव झाले, पण मित्राच्या स्टंटपटांना संगीत देणे त्यांनी सोडले नाही. मात्र तिथे ते वेगवेगळी नावे घेत: कुठे राम चितळकर, कुठे श्यामू, कुठे अण्णासाहेब. प्रतिष्ठित चित्रपटांसाठी सी. रामचंद्र, पडद्यावर गायक म्हणून नुसते चितळकर, आणि मारधाडीसाठी अण्णासाहेब! रहस्यपटातल्या आरोपीलाही इतकी नावे नसतात. हा वेषांतराचा खेळ तबकडीवरच्या गोल कागदावर आणि चोपडीच्या श्रेयनामावलीत पकडला गेला. चित्रपट पाहून तो कुणाच्या लक्षात आला नसता.

(जाता जाता: त्या काळची तबकडी लाखेची. लाखेचे किडे पळस, कुसुम, बोर या झाडांवर पोसतात आणि ही झाडे आमच्या झाडीत पैशाला पासरी. लाख गोळा करणाऱ्या हातांनी ती गाणी कधी ऐकली असतील का, असा एक भाबडा प्रश्न मला नेहमी पडतो.)

आता संग्राहकाच्या ओढीकडे वळू. अप्रसिद्ध रहस्य-विनोदपटात असे काय असते की लोकांनी त्यासाठी पगार खर्चावा? दुर्मिळता हे उत्तर अर्धेच आहे. दुर्मिळ तर पुष्कळ गोष्टी असतात, जुन्या नगरपालिकेच्या पावत्याही असतात. मला वाटते, या प्रकारच्या चित्रपटाला कुणीच प्रमाणपत्र दिलेले नसते, हे त्याचे आकर्षण आहे. 'माणूस' चांगला आहे हे आपल्याला आधी सांगितले गेलेले असते; आपण फक्त सहमत होतो. 'भेदी बंगला'बाबत आपले मत आपल्यालाच बनवावे लागते, आणि तेही चित्रपट समोर नसताना, एका भित्तिपत्रकावरून. जगात इतरत्रही हेच दिसते. ग्रीसमध्ये १९८० च्या दशकात थेट व्हिडिओ कॅसेटसाठी स्वस्तातले विनोदी आणि गुन्हेगारी चित्रपट मोठ्या संख्येने काढले गेले. १९८९ च्या अखेरीस खाजगी दूरचित्रवाणी आली आणि तो धंदा बसला. सुसंस्कृत ग्रीक माणसाला ज्यांची लाज वाटे अशा त्या कॅसेटी पुढे हौशी लोक शोधू लागले. अथेन्सचा विनोद आपल्याला कळणार नाही, पण रद्दीत वाकून कॅसेट उचलणाऱ्या माणसाची पाठ ओळखीची वाटते.

मात्र या ओढीला एक खोटही आहे आणि ती सांगितली पाहिजे. संग्राहक वस्तूवर प्रेम करतो, आणि वस्तू जितकी पूर्ण, जितकी कोरी, तितके प्रेम अधिक. वाचलेली, हाताळलेली, तेलाचे डाग पडलेली चोपडी त्याला नको असते. इतिहासाला नेमकी तीच हवी असते, कारण डाग हा वाचकाचा एकमेव पुरावा. शिवाय बाजारभाव चढला की ज्ञान दाराआड जाते. चोरबाजारात एकेकाळी किलोने मिळणारी भित्तिपत्रके आता चौकटीत बसून दिवाणखान्यात जातात, आणि त्यांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले गावाचे नाव, खेळाची तारीख भिंतीकडे तोंड करून राहतात. माझ्या परिचित संग्राहकांनी ती अनाम चोपडी नाकारली ती या न्यायाने. तरीही, त्यांच्यासारख्यांनी बाकीच्या हजारभर चोपड्या ठेवल्या नसत्या तर आपल्याला प्रश्न विचारायलाही जागा नव्हती.

साहित्याच्या अभ्यासकांना हा सारा व्यवहार परका वाटू नये. शं. ग. दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची' केली तेव्हा ग्रंथाची योग्यता हा निकष ठेवला नाही. १८०० पासून १९५० पर्यंत छापले गेले ते ते नोंदवण्याचा प्रयत्न केला. आपण त्यातून आपल्याला हवे ते वेचतो आणि दात्यांना संदर्भ म्हणून वापरतो, आदर्श म्हणून नाही. बाबुराव अर्नाळकरांचेच पाहा. १९३६ ते १९८४ या काळात त्यांनी १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या अशी नोंद गिनेस बुकात झाली. मराठीत इतका वाचला गेलेला लेखक विरळा, पण महाविद्यालयीन ग्रंथालयांत त्यांची पुस्तके शोधून पाहावीत. झुंजार आणि काळापहाड ज्यांनी जपले ते वाचनालयांचे मालक आणि वेडे वाचक. अर्नाळकरांचा वाचक आणि भगवान यांचा प्रेक्षक हे एकाच मुंबईत, कधी कधी एकाच चाळीत राहत असणार. मराठी लोकप्रिय रहस्यकथा आणि हिंदी स्टंटपट यांचा एकत्र विचार मात्र आपण केलेला नाही. एकाचे खाते मराठी विभागात, दुसऱ्याचे कुठेच नाही.

भगवान यांच्या त्या भोळ्याचे पुढे काय झाले? माझे अनुमान असे की तो मराठीत आला. नायगावच्या गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या दादा कोंडके यांनी 'सोंगाड्या' (१९७१) मध्ये त्याला लोंबत्या नाडीची विजार दिली आणि 'पांडू हवालदार' (१९७५) मध्ये पोलिसाचा गणवेश चढवला. गुन्हेगार पकडण्याचे काम अधिकृतपणे भोळ्याकडे आले. पुढे महेश कोठारे यांच्या 'दे दणादण' (१९८७) आणि 'थरथराट' (१९८९) या चित्रपटांत गुन्हा आणि विनोद यांची वाटणी झाली. मारामारी एकाकडे, बावळटपणा लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडे. या वंशावळीतले आरंभीचे दुवे गहाळ असल्यामुळे ती सिद्ध करता येत नाही, हीच तर हानी.

आणि तो भोळा आमच्याकडेही आला. किंवा आधीपासून होताच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत यांतला सोंगाड्या सिनेमाहून जुना आहे. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते, आणि होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, अशी जोडी वर्षानुवर्षे होती. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या तेव्हा नाटकवाल्यांनाही त्याची झळ लागली होती. नाटक कंपन्यांचे केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. रात्री नऊ-दहाला सुरू झालेला प्रयोग पहाटे संपतो. जमीन बळकावणारा पाटील, मृत्युपत्रासाठी झालेला खून, खोटा आळ, आणि या सर्वांत अंक-दोन अंकांनी प्रवेश करून मांडव डोक्यावर घेणारा विनोदी नट. मुंबईतल्या १९४९ च्या पडद्याशी याचे नाते सरळ आहे असे मी म्हणणार नाही, पण दोघांना एकमेकांची ओळख पटली असती. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आठशेच्या आसपास भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग असा त्यांचा हिशेब वृत्तपत्रांत आला. लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. साखळी पुरी झाली म्हणायची.

यांतली बहुतेक नाटके पुस्तकरूपाने छापली जात नाहीत. संहिता हस्तलिखित, प्रॉम्प्टरच्या हातात. तोच तिचा खरा वाचक, कारण नटांना तालमींना फारसा वेळ नसतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडारीवर आयुष्यभर काम केले म्हणून लोकपरंपरेची बाजू तरी नोंदली गेली. रहस्यमय, विनोदी, कौटुंबिक अशी तिन्ही विशेषणे एकदम लावून येणाऱ्या नाटकाला कोशकार भेटलेला नाही. आता मोबाइलवर काही प्रयोगांचे तुकडे चित्रित होतात. पण झाडीचे जे चोपडीसारखे खिशात मावणारे अंग आहे, ते म्हणजे गुलाबी-पिवळ्या कागदावरचे नाटकाचे पत्रक. नटांची छायाचित्रे, वाद्यवृंदाची नावे, विनोदी नटाला दिलेल्या पदव्या, तिकिटांचे दर. प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी त्यात चिवडा बांधला जातो.

दोन वर्षांपूर्वी बी.ए.च्या मुलांना आपापल्या गावातून अशी पत्रके आणायला सांगितले. चाळीस-बेचाळीस जमली. काही फडताळात अंथरलेली होती, काहींवर तेलाचे डाग, एकावर दुधाचा हिशेब. बहुतेकांवर वार आणि तारीख होती, साल नव्हते; उद्याच्या नाटकाला साल कशाला छापायचे? मग जुन्या दिनदर्शिका काढून वार-तारीख जुळवत बसलो. अकरा पत्रकांची साले निश्चित झाली, बाकीच्यांची दोन-तीन पर्यायांत अडकली आहेत. नाटक कुणी लिहिले हे निम्म्यांवर नाही. मी त्यांना एक फाईल केली आणि सगळ्यांच्या वर रद्दीवाल्याकडची ती बिनमुखपृष्ठाची चोपडी लावली.

त्यांतल्या एका पत्रकावर खुनाचे नाटक होते. पत्रक आणणारी मुलगी सिंदेवाहीकडची. तिच्या आजीने तो प्रयोग पाहिला होता, म्हणून मी कथानक विचारून यायला सांगितले. आजीला विनोदी नटाचे बोलणे जसेच्या तसे आठवत होते, दोन गाणी चालीसकट आठवत होती, कोणत्या बाईने कोणते लुगडे नेसले होते तेही. खून कुणी केला असे नातीने विचारल्यावर म्हातारी म्हणाली, "का मालूम बाई, पहाटे डोरा लागला माहा."